आईंना तरंगायला शिकवलं तेव्हा

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी कधीच आवडली नाही. मी शहरातल्या तलावावर पोहायला शिकवायचे. नातेवाइकांत कुणी विचारलं तर आई सांगायच्या, "सूनबाई क्रीडा खात्यात आहे." कुणी खोलात शिरलंच तर विषय हवेवर न्यायच्या. पाण्यावर नाही.

मला मात्र त्या तलावाइतकी दुसरी कुठलीच जागा आवडली नाही. अजूनही डोळे मिटले की आधी तो क्लोरीनचा वास येतो, केसांतून कधीच न जाणारा. आत शिरताना पाय बुडवायचा तो थंडगार हौद. पोरांनी दातांनी कुरतडलेल्या फोमच्या फळ्या. सकाळची बायकांची बॅच, जिच्यात पोहणं कमी आणि उणीदुणी जास्त; त्यात माझ्या सासूचीही निघायची, नाकारत नाही. दुपारी तलाव रिकामा झाला की ऊन तळाच्या फरशीवर हलती जाळी विणायचं आणि मी काठावर पाय सोडून डबा खायचे. माझा नवरा कधीकधी नेमका तेव्हा यायचा. त्याला पोहता येत नव्हतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून शेजारी बसायचा, आणि भूक नाही म्हणत अर्धा डबा संपवायचा.

मग ते सुरू झालं. आधी ताप आहे म्हणाले, मग त्या तापात माणसं चावतात म्हणाले, मग टीव्हीवर नुसती एक पट्टी फिरत राहिली आणि एका सकाळी तीही थांबली. मेलेली माणसं उठून चालत होती. ज्याला चावतील तो दिवस मावळायच्या आत त्यांच्यातलाच होऊन जात होता. लोकांनी त्यांना नाना नावं ठेवली, पण आई त्यांना सरळ मुडदे म्हणायच्या. "आयुष्यभर लोकांना 'मुडदा बसवला तुझा' म्हणत आले," त्या एकदा म्हणाल्या, "आता मुडदे बसतच नाहीत."

आई आमच्यापासून चार गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. नवरा आणि मी त्यांना आणायला गेलो; मी खाली थांबले, तो त्यांना घेऊन उतरला, पण घरी परतायचा रस्ता तोवर बंद झाला होता. तलावाची किल्ली माझ्याकडे होती. भिंती उंच, दार लोखंडी, गच्चीवर पाण्याची टाकी. आम्ही तिघं तिकडे पळालो. दाराशी पोचल्यावर त्यानं आईंना आत ढकललं, मला आत ढकललं आणि स्वतः बाहेरच थांबला. मी त्याचा हात धरून ओढायला लागले, तेव्हा त्यानं शर्टाची बाही वर केली. मनगटाच्या वर दातांचे ठसे होते. आईंच्या इमारतीच्या जिन्यातच ते झालं होतं, आणि तो सगळ्या वाटेत काही बोलला नव्हता.

"दार लाव," तो म्हणाला.

आई माझा खांदा ओढत होत्या. "अगं बोलतोय तो, शुद्धीवर आहे, आत घे त्याला." त्यानं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मी दार लावलं. तो दारासमोर थांबला नाही. आम्हाला पुढचं बघायला लागू नये म्हणून चालत कोपऱ्यावरून वळला.

त्यानंतर आई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण भिंतीशी. "कुणाला चहा हवा असेल तर झाकून ठेवलाय." "कुणीतरी गच्चीवरची बादली भरून घेतली तर बरं होईल." मीही मग खिडकीला सांगायचे, "बिस्किटांचा शेवटचा पुडा आहे, कुणी उगाच मन मारू नये." त्या ऑफिसच्या खोलीत झोपायच्या, मी कपडे बदलायच्या खोलीत. मधे तो तलाव, दिवसागणिक हिरवा होत चाललेला. कँटीनच्या कोठीत डबे होते, चहाची पूड होती, जाळायला मोडक्या खुर्च्या होत्या. पोटाचं भागत होतं.

एका सकाळी पंपाच्या खोलीचं मागचं दार मोडून एक मुडदा आत आला. आई माझ्याच बाजूच्या काठावर, जरा लांब, कपडे पिळत होत्या. मला तो दिसला तेव्हा माझ्या आणि त्याच्या मधे अख्खा तलाव होता. मी ओरडले. आईंनी मान वर केली आणि जागच्या जागी थिजल्या. पण तो त्यांच्यापासूनही तलावापलीकडेच होता, आणि वळसा घालायची अक्कल त्याला नव्हती. तो नाकासमोर चालत आला आणि खोल बाजूला पाण्यात पडला. हात मारले नाहीत, काही नाही. दगडासारखा तळाशी गेला. तिथे थोडा वेळ त्याची बोटं उघडमीट करत राहिली, मग तीही थांबली.

मी पंपाच्या खोलीच्या दाराला कपाटं लावली, पण त्या दारात आता जीव राहिला नव्हता. तो एक आला म्हणजे बाकीचे येणारच. आई तोवर काठावर उभ्या राहून पाण्यात बघत होत्या.

"यांना पोहता येत नाही," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हे वाक्य थेट मला उद्देशून होतं.

गच्चीवरून नदी दिसायची. पूल मुडद्यांनी खच्चून भरला होता. अडकलेल्या गाड्यांमधे ते उभ्यानंच हेलकावत. पण पलीकडच्या काठावर, जुन्या होडीघराजवळ, रोज सकाळी धूर निघायचा. धुराचं काय, आग आपोआपही लागते, असं मी म्हणायचे. त्या दिवशी आईंनी मला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि बोट दाखवलं. होडीघरासमोर दोरीवर कपडे वाळत घातले होते. चादरी, शर्ट, लहान मुलाचे मोजे.

"मुडदे कपडे धूत नाहीत," आई म्हणाल्या. "तू जा. तुला पोहता येतं."

"तुम्हीही येणार."

"माझं काय, मी पिकलं पान. मला पाण्याची भीती वाटते, आणि तुला ओझं कशाला."

"आई, मी याचाच पगार घेत होते," मी म्हणाले.

तळाचा मुडदा मी साफसफाईच्या लांब दांड्यानं ओढून बाहेर काढला. तलावातून काही प्यायचं नव्हतंच आणि दुसरी जागा नव्हती. उथळ बाजूला, हिरव्या पाण्यात, आई आपला पायघोळ गाऊन घालून उतरल्या. मी पोहायचा पोशाख देऊ केला तर म्हणाल्या, "जग बुडालं म्हणून लाज सोडायची नसते." मग गाऊन फुग्यासारखा फुगून वर आला, तेव्हा मुकाट्यानं माझ्या जुन्या ट्रॅकपँटवर आल्या.

त्यांना पोहायला शिकवायचा विचारच नव्हता. फक्त पाठीवर पडून राहायला शिकायचं होतं. ओढून नेणं माझं काम. मी एक तळहात त्यांच्या मानेखाली ठेवला, एक कमरेखाली. त्यांचं सगळं अंग लाकडासारखं ताठ.

"हात काढशील," त्या म्हणाल्या.

"नाही काढणार."

"सगळे शिकवणारे काढतात. मला माहितीये."

ते खरं होतं. मी शेकडो पोरांना असंच शिकवलं होतं. धरलंय, धरलंय म्हणत राहायचं, आणि पोरगं निश्चिंत झालं की हळूच हात काढायचा. मग त्याला कळतं की आपण आपलेच तरंगतोय आणि ते हसत सुटतं. पण त्या सकाळी आईंच्या पापण्या घट्ट मिटलेल्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की या बाईशी ही लबाडी चालायची नाही.

"सांगितल्याशिवाय काढणार नाही," मी म्हणाले. "आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय तर नाहीच."

 त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "त्याचा सोडलास."

मला वाटलं होतं की हे कधी ना कधी येईल. कमरेइतक्या पाण्यात येईल असं वाटलं नव्हतं.

"त्यानं सोडवून घेतला, आई."

 त्यांनी अंग काढून घेतलं नाही.

आम्ही रोज सकाळ-दुपार पाण्यात उतरायला लागलो. पंपाच्या खोलीतून कपाटं सरकल्याचे आवाज यायचे, मी जाऊन परत लावायचे, परत यायचे. आईंना वेळ लागला. लबाडी केली असती तर लवकर झालं असतं. पण हळूहळू त्यांची मान जड झाली, खांदे उतरले. पडल्या पडल्या त्या बोलायलाही लागल्या, वर बघत, जणू मी तिथे नाहीच. माझा नवरा त्यांच्या लेखी बंड्या होता. बंड्याला लहानपणी अंघोळीची भीती. बादली दिसली की पलंगाखाली. एकदा त्याच्या बाबांचे बूट घालून पलंगाखाली जाऊन बसला, का, तर बूट घातल्यावर कुणी अंघोळ घालत नाही.

मी हसले. माझा तळहात हलला असणार, कारण आई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काढ आता."

"काय?"

"हात. काढ म्हटलं ना."

मी आधी कमरेखालचा काढला, मग मानेखालचा. आई तरंगत राहिल्या. त्यांचे पांढरे केस पाण्यात पसरले होते. डोळे उघडे होते आणि त्या छताच्या काचेतून दिसणाऱ्या ढगाकडे बघत होत्या.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. कपाटं पडली त्या सकाळी आम्ही पुढच्या दारानं निघालो. माझ्याकडे जीवरक्षकाचा नारिंगी फ्लोट होता आणि त्याची दोरी माझ्या खांद्याला. घाटाच्या पायऱ्यांपर्यंत धावलो. आई धावल्या हे मी शपथेवर सांगते, गुडघ्यांचं सगळं गाऱ्हाणं विसरून. मागून ते येत होते. आम्ही पाण्यात शिरलो, आईंनी फ्लोट छातीशी धरला, पाठीवर पडल्या आणि मी ओढायला लागले. मुडदे आमच्या मागे पायऱ्या उतरले, गुडघाभर पाण्यात आले, कमरेभर आले, आणि एकेक करून दिसेनासे झाले.

नदीच्या मध्यावर दोरी कशाला तरी अडकली. बुडालेल्या झाडाची फांदी असावी. प्रवाह आम्हा दोघींना त्या गाठीभोवती गोल फिरवायला लागला आणि माझं डोकं पाण्याखाली जायला लागलं. सोडवायची तर मला दोरी खांद्यावरून काढून खाली बुडी मारावी लागणार होती, आणि फ्लोटची दोरी ताणलेली असेपर्यंत तो आईंनाही खाली ओढत होता.

"आई," मी म्हणाले, "फ्लोट सोडावा लागेल. मी पण तुम्हाला सोडते आहे. येते मागून."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मान मागे टाकली, हात पसरले.

"सोड," त्या म्हणाल्या.

त्या पाण्याबरोबर लांब गेल्या. मी खाली गेले, दोरी सोडवता येईना, शेवटी फ्लोट आणि दोरी तिथेच सोडून वर आले. आयुष्यात मी इतक्या जोरात कधी पोहले नाही. वळणाच्या अलीकडे त्यांना गाठलं. हनुवटीखाली हात घातला तर त्यांचे दात वाजत होते, पण अंग सैल होतं.

"आलीस," त्या म्हणाल्या. "मोजत होते ढग."

पलीकडच्या काठावर एक धोबीण बाई कुऱ्हाड घेऊन उभी होती. कपडे तीच धूत असे, सगळ्या होडीघराचे. ते तिचं मूळचंच काम. तिच्यामागे दोन माणसं. आम्हाला चावलं आहे का हे बघितल्याशिवाय ती पाण्यातून बाहेर येऊ देईना, आणि तिचं बरोबरच होतं. पण आई पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, तपासायचं ते तपास, पण आधी टॉवेल दे. थंडीनं मेले तर तुझ्याच डोक्याला ताप." धोबिणीनं कुऱ्हाड खाली केली नाही, पण दुसऱ्या हातानं दोरीवरची चादर ओढून फेकली.

संध्याकाळी आम्ही शेकोटीपाशी बसलो होतो. कुणीतरी दिलेला चहा होता, बिनदुधाचा. आई कपात बघत म्हणाल्या, "मी दार लावलं नसतं. त्याला आत घेतलं असतं आणि तिघंही गेलो असतो. मला ते ठाऊक होतं गं. तुला जमलं, याचाच राग होता."

 त्यांनी आपली अर्धी चादर माझ्या पाठीवर टाकली.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. होडीघराची वस्ती वाढली, मी नदीच्या शांत कोपऱ्यात मुलांना पोहायला शिकवायला लागले, आणि आई काठावरच्या दगडावर बसून प्रत्येकाला सूचना द्यायच्या, जणू त्यांनीच नदी पोहून पार केली होती. दुपारी काम संपलं की आम्ही दोघी बोलत बसायचो. त्या मला लहानपणचा बंड्या सांगायच्या, मी त्यांना मोठेपणचा. त्याला कुठल्या विनोदावर स्वतःलाच आधी हसू यायचं, रुसल्यावर कपाट आवरायला कसा घ्यायचा, माझ्या आजारपणात त्यानं केलेलं पाण्यासारखं सूप. सूप ऐकल्यावर त्या म्हणायच्या, "माझ्याकडूनच शिकला." आणि लगेच, "पुढे सांग." तेच तेच सांगून झालं तरी त्या पुढे सांग म्हणायच्या, आणि मीही सांगायचे, ऊन नदीवरून उतरेपर्यंत.