व्हेलेइटी

व्हेलेइटी हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. नाशिकच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. पुस्तकांत तो कधीमधी भेटतो, तोही तत्त्वज्ञानाचं नाहीतर धर्मचर्चेचं पुस्तक असेल तर. अर्थ साधा आहे: इच्छा, पण इतकी मऊ की तिच्यापायी माणूस बसल्या जागचा उठत नाही. बरं, ही इच्छा खोटी नसते. इथेच सगळे घोळ घालतात. थापाड्याला हा शब्द लावता येत नाही. मनापासून वाटतं, आणि नुसत्या वाटण्यावरच भागतं.

मी तो वापरला माझ्या सख्ख्या भावासाठी, शहाद्याजवळच्या आमच्या गावी, वडिलांचं तेरावं उरकल्यावर.

वडील गेले तेव्हापासून मला काही होतच नव्हतं. रडू नाही, भूक नाही, जीभ तेवढी शाबूत. ‘दारवर’ येणाऱ्या, म्हणजे दुखवट्याच्या भेटीला येणाऱ्या बाया आईच्या गळ्यात पडून हेल काढायच्या आणि मधूनच माझ्याकडे बघायच्या. ‘मास्तरीन शे, डोयामा पानी नही,’ असं एकीने दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं. बरोबरच होतं तिचं.

आईचं, सुंदरबाईचं, एकच म्हणणं होतं. ‘माले आठे एकली ऱ्हावानं नही.’ येईल त्याला ती हेच सांगायची. त्यावर माझा भाऊ धीरज चारचौघांत म्हणाला, ‘आई, तू पुण्याला चल. माझी फार इच्छा आहे.’ झालं, आईने बॅग भरली. इच्छा म्हणजे ठरलं, असंच ती समजते. वडिलांना इच्छा झाली की आमच्याकडे बैल जुंपले जायचे.

निघायच्या दिवशी ओट्यावर ती बॅग बघून धीरजचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, माझी खरंच इच्छा आहे गं. पण फ्लॅट लहान, त्यात मुलांच्या परीक्षा. दिवाळीनंतर काहीतरी करू.’ डोळे भरलेले. ते नाटक नव्हतं.

‘याला इंग्रजीत व्हेलेइटी म्हणतात,’ मी म्हणाले.

‘म्हणजे?’

‘गूगल कर.’

मी अशीच बोलते. सासरीही याच तोंडामुळे माझं कुणाशी पटत नाही.

तो आईच्या पाया पडला, गाडीत बसला आणि निघाला. ‘येतो’ म्हणाला नाही. दुःखाच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, पुन्हा तसा प्रसंग नको म्हणून. पण हा रिवाज पाहुण्यांसाठी. इतके दिवस आला-गेला प्रत्येकजण तसाच मुकाट उठून गेलेला, त्यालाही सवय लागली असणार. हे आपलंच घर आहे, याचा त्याला विसर पडला.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आई उभी राहिली. ‘मन्हा पोऱ्या दारवर उना व्हता,’ एवढंच म्हणाली आणि बॅगेशेजारी बसली.

जरा वेळाने तिने विचारलं, ‘तू त्याले इंग्रजीमा काय सांगं?’

मी सांगितलं. वर्गात सांगते तसंच, ती इच्छा खोटी नसते हे धरून. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

‘आन तुन्ही?’ ती म्हणाली. ‘तुन्ही इच्छा कशी शे?’

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी स्वतःच्या आत शोधलं. आईला न्यावं असं मला वाटत नव्हतं. नेऊ नये असंही नाही. आमच्या दोन खोल्या, सासूबाई, नवऱ्याच्या कपाळावरची आठी, सगळं दिसलं आणि त्याचं काहीच वाटलं नाही. धीरजकडे निदान ती मऊ इच्छा तरी होती. माझ्याकडे तेवढीही नव्हती. याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

मी नवऱ्याला, नवनीतला, फोन लावला. ‘आई येतेय माझ्याबरोबर. राहायलाच.’

‘अगं, पण,’ तो म्हणाला. मी फोन ठेवला.

गॅस बंद केला, मागच्या दाराला कडी घातली, तिची बॅग उचलली. शहाद्याहून दुपारची एसटी मिळण्यासारखी होती.

आई मात्र हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

‘तू माले मनपाईन लई जाई ऱ्हायनी ना?’

‘हो, मनापासून नेतेय,’ मी म्हणाले.

खोटं होतं. तिने चपला घातल्या.