चारुशीलाचं गार कार्यालय

कडेगावच्या लालासाहेबांच्या मंगल कार्यालयाचं काम चारुशीलाला मिळालं, तेव्हा मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. आम्ही दोघी सांगलीतल्या आर्किटेक्ट, एकाच कॉलेजच्या. मी पंखे, कूलर असा झकास आराखडा दिला होता. तिनं नुसता वारा दिला. खाली खिडक्या, वर गरम हवा निघून जायला झरोके. "वारा ठरावीक उष्णताच बाहेर नेतो," ती म्हणाली होती. "म्हणून ऊन आत येऊ द्यायचं नाही आणि माणसं सोडून तापणारं दुसरं काही ठेवायचं नाही." एवढ्यावर तो फौजेतून निवृत्त झालेला माणूस पाघळला!

मे महिन्यात लालासाहेबांच्या एकुलत्या एका मुलीचं, राजनंदिनीचं लग्न तिथंच निघालं. गोरज मुहूर्त. मी गेले ती हॉल तापलेला बघायलाच. तो फसला की त्यांच्या मलकापूरला व्हायच्या वसतिगृहाचं काम माझ्याकडे येणार, हे उघड होतं.

आत शिरले तर गार. माझ्या पोटात दुखायला लागलं.

मग व्हिडिओवाला आला. त्यानं जनरेटरवर चार हॅलोजन पेटवले. अंतरपाट धरेपर्यंत पाहुणे टोप्यांनी वारा घेऊ लागले, करवल्यांची पावडर ओघळली, नवरीला भोवळ आली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चारुशीला खांबापाशी पांढरीफटक उभी होती. मी लगबगीनं लालासाहेबांना गाठलं. "तरी मी पंखे सांगितले होते."

"व्हय, सांगितलं हुतं," ते म्हणाले. "पर चारुशीलाबाईंनी असलं दिवं लावू नगा म्हणून बजावलं हुतं. चूक आमची हाय." आणि फौजी आवाजात ओरडले, "ए, बंद कर ते दिवं!"

त्यांचा भाचा वीरधवल रडकुंडीला आला. "मामा, एकुलत्या पोरीचं लगीन! शूटिंग न्हाई तर पावण्यांस्नी काय दावायचं?"

"न्हाई तर न्हाई. बाईंचा शब्द हाय."

हॅलोजन विझले. नवरी पाणी पिऊन सावरली. खिडक्यांतून येणाऱ्या सांजउजेडात मंगलाष्टकं सुरू झाली आणि हळूहळू मानेवरून वारा फिरू लागला.

नुसत्या हॉलचा हेवा मी कसाबसा गिळला असता. पण माझ्या सांगण्यावरून आजवर कुणी खिडकीचा पडदासुद्धा बदललेला नाही, आणि हिच्या शब्दाखातर त्या माणसानं मुलीच्या लग्नाची कॅसेट सोडली! "शुभमंगल सावधान" झालं तशी मी मूठभर अक्षता घेतल्या आणि चारुशीलाच्या पाठीवर नेम धरून मारल्या.