उडालेला जांभळा

दवाखान्यात त्यांना सगळे कवळीकाका म्हणायचे आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे बसून ते कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या आणि अधलेमधले दात बनवायचे. मेण, प्लास्टर, घासायचं मशीन आणि एक छोटी भट्टी, एवढा त्यांचा पसारा. पेशंटच्या दातांचा रंग जुळवायची वेळ आली, की बाई त्यांना पुढे बोलवायच्या. मग काका नमुन्याच्या दातांची पट्टी घेऊन यायचे, पेशंटला खिडकीकडे तोंड करून बसवायचे आणि एकेक नमुना त्याच्या दातांशेजारी धरून बघायचे. पांढरा म्हणजे नुसता पांढरा, असं त्यांच्याकडे नव्हतंच. पिवळसर पांढरा, करडा पांढरा, चहाकडे झुकलेला, सिगारेटकडे झुकलेला. त्यांनी बनवलेला दात तोंडात कुठला, हे खुद्द पेशंटलाही काही दिवसांनी आठवायचं नाही. उभी हयात रंगांत गेली आणि ते सगळे रंग पांढरेच निघाले, ही गंमत मात्र त्यांच्या कधी लक्षात आली नव्हती.

ती लक्षात आणून दिली मुलीने. मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तेव्हा सामान बांधताना तिने शाईच्या दौती तेवढ्या मागे ठेवल्या. प्रवासात एखादी फुटली असती, तर सगळ्या कपड्यांचं वाटोळं झालं असतं. बुटांच्या खोक्यात त्या ओळीने उभ्या करून तिने खोकं वडिलांच्या हातात दिलं आणि सांगितलं, की वाळून जाण्यापेक्षा तुम्हीच वापरा, जरा दातांपलीकडे बघा.

काकांना शाई म्हणजे निळी, काळी आणि मास्तरांची लाल, एवढंच माहीत होतं. एका रविवारी दुपारी काकू झोपल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक झाकण उघडून बघितलं. मोरपंखी होती, शेवाळी होती, विटकरी होती, गुलबक्षी होती. एक मधासारखी होती, ती कागदावर जिथे जास्त साचायची तिथे गडद व्हायची आणि जिथे ओढली जायची तिथे उन्हासारखी दिसायची. एक निळी वाळल्यावर तिरकी धरली की तांबूस चमकायची. त्यांनी पेन धुऊन धुऊन प्रत्येक शाईत बुडवलं आणि प्रत्येकीने स्वतःचं नाव, पत्ता आणि 'वरचा दात, खालचा दात' असं लिहून बघितलं. दुसरं काही सुचलं नाही. काळ्या शाईचा थेंब ओल्या टिपकागदावर पडला आणि पसरता पसरता त्याच्या कडेला निळं, मग जांभळं, मग पिवळं वलय उमटलं, तेव्हा मात्र ते चाट पडले. काकू उठून आल्या तेव्हा नवरा टिपकागदाकडे डोळे लावून बसलेला होता आणि त्याची दहाही बोटं रंगलेली होती.

त्या दिवसापासून काकांना नाद लागला. निब दाबली की रेघ जाड होते, पाण्याचा ब्रश फिरवला की रेघेतली शाई सुटून सावली पडते, हे त्यांचं त्यांनाच कळत गेलं. दातावर बारीक ब्रशाने रंग चढवायची सवय होतीच, त्यामुळे हात थरथरत नव्हता. चुकाही झाल्या. गुलबक्षी आणि एक गडद निळी एकत्र करून पेनात भरली, ती रात्रीतून आत गोठली आणि पेन कायमचं कामातून गेलं. मग त्यांनी दुकानातून वेगळी गुलबक्षी आणली, औषधाच्या बाटलीत त्या निळीशी थेंब थेंब मिसळून आठवडाभर तशीच ठेवून बघितली आणि शेवटी त्यांना हवा तसा जांभळा मिळाला. वॉशबेसिनला जांभळे डाग पडले. काकू एका वाचनालयात काम करायच्या. त्या म्हणाल्या, की डाग पडलेली पुस्तकं मी दिवसभर बघते, आता घरीही तेच. पण स्वतःच्या सहीसाठी त्यांनी मोरपंखी शाई भरलेलं पेन गुपचूप पर्समध्ये टाकलं होतं, हे काकांना नंतर कळलं.

हा जांभळा काकांना हवा होता तो एका झाडासाठी. दवाखान्यामागे गाड्या लावायची जागा होती. तिथे एक झाड वर्षातून एकदा जांभळ्या फुलांनी भरायचं आणि खालच्या गाड्यांची टपं रंगवून टाकायचं. काकांनी खोलीच्या खिडकीतून ते झाड काढलं. खोड करड्या शाईने, गाड्या नुसत्या रेघांनी आणि वर फुलांचा तो सगळा ढग. डॉक्टरबाईंनी चित्र बघितलं आणि त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते काचेच्या चौकटीत बसवून थेट पेशंटच्या खुर्चीसमोर लावलं. त्याआधी तिथे किडलेल्या दाढेचं मोठं चित्र होतं. ते बघून माणूस आधीच अर्धमेला व्हायचा. काका दोन-तीन दिवस उगाचच कारण काढून पुढे येत राहिले.

त्याच सुमारास त्या खुर्चीत एक आजी यायला लागल्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या होत्या, म्हणून दवाखान्यात त्यांचं नाव टेलिफोन आजी पडलं. मुलगा आणि सून बरोबर यायला तयार असत, पण त्या एकट्याच बसने यायच्या. उरलेले दात काढायचे होते, हिरड्या भरून यायला वेळ द्यायचा होता आणि मग पूर्ण कवळी बसवायची होती. हे काम महिनोन्महिने चाललं. दर खेपेला त्या खुर्चीत मागे रेलायच्या आणि समोरच्या झाडाकडे बघत राहायच्या.

कवळीचं मेणातलं रूप तोंडात बसवून बघायचं ठरलं, त्या दिवशी काका ते घेऊन पुढे आले. बाई हात धुवायला गेल्या होत्या. आजींनी काकांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे झाड आधी जांभळं होतं ना हो? का मलाच तसं वाटायचं?"

काकांनी मागे वळून बघितलं. झाड जांभळं नव्हतं. त्या ढगाच्या जागी राखेसारखा निळसर डाग होता, तोही कडेला विरत गेलेला. खोड होतं, गाड्या होत्या, फुलं उडून गेली होती. दिवसातून चार वेळा ते त्या चित्रावरून जायचे आणि रंग जुळवून पोट भरणाऱ्या माणसाला इतक्या दिवसांत त्याचा पत्ता नव्हता. रोज थोडं थोडं गेलं आणि रोज बघणाऱ्याला ते दिसलंच नाही. सकाळचं ऊन त्या भिंतीवर सरळ यायचं, तेही त्यांना आत्ताच दिसलं.

त्यांनी कबूल केलं, की झाड जांभळंच होतं आणि शाई कच्ची निघाली. त्यात तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही.

आजी हसायला लागल्या. दात नसल्याने त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. दर खेपेला झाड फिकट दिसायला लागलं, तेव्हा त्यांची खात्री पटली, की आपल्याला मोतीबिंदू होतोय. घरी सांगितलं असतं तर एकटीने बाहेर पडणं बंद झालं असतं. म्हणून भाजी आणायला जाते असं सांगून त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू म्हणण्यासारखा नाही. पण तपासताना त्याला डोळ्यातला दाब वाढलेला सापडला. काचबिंदूची सुरुवात होती. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने जात राहते आणि माणसाला कळतं तेव्हा गेलेली नजर परत येत नाही. आता सकाळ-संध्याकाळ थेंब चालू केले होते आणि दाब उतरत होता.

"तुमचं झाड उडालं नसतं, तर मी काही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नसते," आजी म्हणाल्या.

बाई हात पुसत दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांना ते फार आवडलं आणि पुढे त्या प्रत्येकाला ते सांगत सुटल्या. काकांना मात्र अवघडल्यासारखं झालं. आभार मानून घ्यावेत असं आपण काय केलं, हे त्यांना कळेना. काम वाईट झालं होतं आणि त्यातून कुणाचं तरी भलं झालं होतं, एवढंच. दातांच्या बाबतीत त्यांचा एक कडक नियम होता, की आज जुळवलेला रंग दहा वर्षांनीही तोच राहिला पाहिजे. कागदावर तोच नियम त्यांनी लावला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं.

पुढचं काम त्यांनी भट्टीच्या कामासारखं शिस्तीत केलं. मुलीच्या खोक्यातल्या आणि नंतर आणलेल्या प्रत्येक शाईचा एक पट्टा जाड कागदावर ओढला, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि ते सगळे पट्टे दवाखान्यात त्या भिंतीसमोरच्या खिडकीत उन्हाला लावून ठेवले. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, की बाबा, लिहायच्या शाया अशाच असतात, म्हणून मी छापायची चित्रं लगेच स्कॅन करते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. काळा कागद काढला तेव्हा निकाल स्पष्ट होता. दोन्ही गुलबक्षी शाया साफ गेल्या होत्या. मोरपंखी अर्धी उरली होती. मधाच्या रंगाची शाई ओळखू येत नव्हती. करडी, शेवाळी आणि विटकरी मात्र जिथल्या तिथे होत्या. जांभळ्यातला गुलाबी आधी पळाला आणि निळा एकटा मागे राहिला, म्हणून फुलं राखेसारखी दिसत होती, हेही उलगडलं.

कवळी तयार झाली आणि आजी ती घालायला आल्या. दात छान बसले. आजींच्या वयाला शोभेल असा, किंचित पिवळसर पांढरा रंग काकांनी निवडला होता, कारण चुन्यासारखे दात लावून मी वय लपवून लग्नात मिरवणारी म्हातारी दिसेन, असं आजींनी आधीच बजावलं होतं. समोरच्या भिंतीवर आता नुसता खिळा होता. आजींनी चित्राची चौकशी केली. काकांना वाटलं, त्यांना आठवण म्हणून हवं असेल, म्हणून ते आतून फिकट झालेलं चित्र घेऊन आले.

"फिकट झालेलं मला कशाला?" आजी म्हणाल्या. "मला ते जांभळं हवंय."

काकांनी समजावून सांगितलं, की तसाच रंग पुन्हा केला तर तोही पुन्हा उडेल. आजींनी विचारलं, उडतो तो कशाने? उन्हाने, उजेडाने. मग त्या म्हणाल्या, की माझ्या कपाटात उजेड जात नाही. थेंबांची बाटली त्या कपाटात ठेवायच्या, आणि ते उघडायचं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्या दाराच्या आतल्या बाजूला चित्र लावलं तर काय बिघडेल? त्यात काहीच बिघडत नव्हतं, हे काकांनी मान्य केलं.

फुलांचा मोसम संपला होता, त्यामुळे काकांनी आठवणीनेच झाड काढलं. बाटलीत उरलेला जांभळा जेमतेम पुरला. या वेळी त्यांनी गाड्या जरा नीट काढल्या आणि एका गाडीच्या टपावर पडलेली फुलंही दाखवली. रविवारी ते चित्र गुंडाळून आजींच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. भाजीच्या पिशवीत डोळ्यांच्या डॉक्टरची पावती सापडल्यावर घरात दोन दिवस अबोला होता, मग सासूने स्वतःच सगळं सांगितलं होतं. आता डोळ्यांसाठी सून बरोबर जायची, दातांसाठी आजी एकट्या जायच्या, असा तह झाला होता.

कपाट साधंच होतं, लाकडी, आतून उघडं लाकूड. काकांनी चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, दार दोनदा उघडून मिटून बघितलं आणि कागद कुठे घासत नाही याची खात्री केली. आजींनी त्यांना बाजूला सारलं. थेंबांची वेळ व्हायला अजून अवकाश होता, तरी त्यांनी दार उघडलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मग नव्या दातांनी स्पष्ट म्हणाल्या, "आता बरोबर आहे."

सुनेने चहा केला. चहा घेताना आजींनी काकांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, औषधाच्या खोक्याच्या मागे एक रेघ ओढून बघितली आणि म्हणाल्या, की हे तर दाबावंच लागत नाही, आम्ही एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या लिहिताना बॉलपेन दाबून दाबून बोटाला घट्टे पाडून घेतले. त्यांनी आणखी दोन रेघा ओढल्या आणि पेन परत दिलं.

दवाखान्यातल्या त्या खिळ्यावर काकांनी पावसानंतरचं तेच झाड लावलं. त्यात खोड करडं आहे, पानं शेवाळी आहेत आणि मागची भिंत विटकरी. डॉक्टरबाईंना ते पहिल्याइतकं आवडलं नाही आणि त्यांनी ते सांगितलंही. काकांनाही ते पहिल्याइतकं आवडत नाही. पण सकाळचं ऊन रोज त्याच्यावर येतं आणि अजून तरी त्यातला कुठलाच रंग हललेला नाही.