वाढत्या मापाचे बूट

“भत्त्यावाल्या बाया आल्या की त्यांना हे दाखवायचे,” माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यांवरची धूळ झटकत मालक म्हणाला. “नवीन मालाला हात लावू द्यायचा नाही. कळलं?”

बूटमावशीला न कळायला काय झालं? त्या खोक्यांतले बूट तिनेच कधी काळी माळ्यावर टाकले होते. चार दिवस घातले की तळ सुटून जबडा वासणारे. सरकारने मुलांचा भत्ता वाढवला, तो सकाळी आयांच्या खात्यात जमा झाला, आणि दुपारच्या आत या महाभागाने त्या कचऱ्याची किंमत चढवून वर ‘बालभत्ता सवलत’ अशी पाटीही टांगली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! आणि अशा माणसाकडे आपण जन्मभर नोकरी केली, याची मावशीला मनातून चीड होती.

पोरांच्या पायांत बूट चढवण्यात तिचा जन्म गेला होता. गुडघे टेकून टेकून गुडघे गेले. जग तिने कायम खालून वर पाहिलं, आणि खालून पाहिलं की माणसांच्या नाकपुड्याच फार दिसतात. पायाशी बसलेल्या बाईसमोर लोक काहीही बोलतात, जणू तिथे स्टूलच ठेवलेलं आहे. ऐकून ऐकून तिला कुणाबद्दल फारसा आदर उरला नव्हता.

“मावशी, ह्याला ते पळायचे दाखवा,” बंगलेवाली आपल्या मुलाला पुढे करत म्हणाली. “घरी आहेत हो दोन जोड, पण रंग आवडत नाही त्याला.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाली तिच्या मुलीला घेऊन टेकली होती. मुलीच्या पायात थोरल्या भावाचे जुने बूट होते. ते तिला केव्हाचे आखूड झाले होते, म्हणून टाचेकडची बाजू तुडवून त्यांच्या सपाता केल्या होत्या.

बंगलेवालीने तिकडे एक नजर टाकली आणि मालकाकडे वळली. “वाढवा म्हणावं भत्ते! पैसा आमच्या कराचा, आणि ह्यांचे नवरे पिऊन टाकणार.”

“अहो, तेच तर!” मालकाने लगेच मान डोलावली.

“तुम्हालाही मिळतो ना, बाई?” मावशीने खालूनच विचारलं. “सगळ्याच मुलांना आहे म्हणे.”

“मिळतो की. पण आम्ही हातसुद्धा लावत नाही. ह्याच्या नावावर नुसता पडून असतो.”

म्हणजे हिच्या घरी गेला तर ती बचत आणि इस्त्रीवालीच्या घरी गेला तर दारू! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मावशीने मुलाच्या बुटाची नाडी जरा करकचूनच आवळली.

“आई, दुखतंय!”

“नवीन आहे ना राजा, होईल सैल,” मावशी म्हणाली आणि इस्त्रीवालीकडे सरकली.

“शाळेचे काळे दाखवा, मावशी,” इस्त्रीवाली म्हणाली.

मालकाने डोळ्यांनी माळ्याच्या खोक्यांकडे खूण केली. मावशीला ती दिसलीच नाही. बघायचं नाही असं ठरवलं की तिला काही दिसत नसे. तिने मुलीचं पाऊल मापपट्टीवर ठेवलं. बोटं दुमडूनच होती, सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. मग नव्या मालातला बरोब्बर मापाचा जोड काढून तिने पायात चढवला, पुढे अंगठा दाबून पाहिलं. मुलगी उठली, आरशापर्यंत धावत गेली, धावत परत आली, दोन उड्या मारल्या.

“आई, बघ ना, निघतच नाहीत!”

इस्त्रीवाली हसली. मग म्हणाली, “छान आहेत. ह्यातलेच दोन मापं मोठे द्या.”

मावशीचं डोकंच फिरलं. “अगं, पाय आहे का पोतं? आता वाढलाय ना भत्ता? मग अजून ती वाढत्या मापाची रड कशाला? दिलं तरी तुमच्या भिकारड्या सवयी काही जात नाहीत!”

बोलून गेल्यावर तिला लाज वाटली, पण शब्द तर गेला होता. इस्त्रीवालीने आवाज चढवला नाही.

“आज वाढवला, मावशी. उद्या दुसरे आले आणि कापला तर? मागे पुस्तकांना पैसे दिलेच होते की. पुढच्या वर्षी नाही म्हणाले. हिचे पाय काय तोवर थांबणार आहेत? पुढच्या वर्षी हिला बूट तुम्ही द्याल?”

तोंडाला तोंड देण्यात मावशी कधी कुणाला हार गेली नव्हती. पण भत्ता वाढवला म्हणून हारतुरे घेणाऱ्यांतल्या एकानेही तो टिकवायचा शब्द दिला नव्हता, मग तिने कुठल्या तोंडाने द्यावा? ती उठली आणि मोठे बूट घेऊन आली.

“बघितलंत?” बंगलेवाली मालकाला म्हणाली. “पैसे देता येतात हो, अक्कल कुठून देणार?”

“बाई, तुमचं झालं असेल तर उठा,” मावशी म्हणाली. “बाकावर जागा लागते.”

मालकाने आ वासला. मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही जोड तिने मुलीपुढे मांडले. पोरीने हट्ट धरला तर आईचं मन विरघळेल, एवढीच तिला आशा होती.

“तू सांग गं, तुला कुठले हवेत?”

मुलीने आईकडे पाहिलं. आई फरशीकडे पाहत होती.

“मोठेच बरे आहेत,” मुलगी म्हणाली. “ते छोटे ना, मला चावतात.”

मावशीने मोठ्या बुटांत पुढे कापूस कोंबला आणि नाड्या बांधून दिल्या. मुलगी पाय न उचलता, घासत घासत दाराबाहेर गेली. मावशीने मापाचा जोड खोक्यात ठेवायला उचलला. आतून तो अजून उबदार होता.