निळ्या ओरखड्याचा बंपर

मित्रांनो, मी एका पांढऱ्या मारुतीचा पुढचा बंपर. मला जुना म्हणा, कुरूप म्हणा, माझ्या गालावर मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याचे टाके आहेत त्यांना खुशाल हसा. पण मला टाकाऊ म्हणू नका. तसा शब्द एकदा माझ्यापुढे उच्चारला गेला होता आणि तो मी आजपर्यंत मानलेला नाही.

माझा जन्म साच्यात झाला. तापून मऊ झालेलं काळं प्लास्टिक, वरून दाब, मग थंड हवा, की झालो मी. माझ्या आधीचे बंपर लोखंडाचे असत, चकचकीत आणि गर्विष्ठ. आम्हाला बघून लोक म्हणत, हे कसले बंपर, बादल्या करायच्या त्या मालाचे? मी ऐकून घेत असे. लोखंड गंजतं, मी गंजत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

पहिली काही वर्षं मी तारापूरच्या वसाहतीत एका साहेबांकडे काढली. ते दर रविवारी मला ओल्या फडक्याने पुसत. त्यांची बदली झाली आणि चिंचणीच्या देवूने गाडी घेतली. देवू खलाशी. बोट दर्यात गेली की आठ-आठ दिवस तो घरी नसे, आणि गाडी नुसती माडाखाली उभी राही. मग त्यानेच बायकोला, जमनाला, गाडी शिकवली. ओहोटीला चिंचणीच्या किनाऱ्यावरची वाळू सडकेसारखी घट्ट होते. तिथे जमना गाडी चालवायला शिकली. लाटा एका बाजूला, सुरूची झाडं दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांच्या पुढे मी.

जमना सुकी मासळी विकायची. बोईसरच्या बाजारात माल न्यायला तिला आणि तिच्या सोबतिणींना जिवल्याच्या टेम्पोवाचून दुसरा उपाय नव्हता. टेम्पो गच्च भरल्याशिवाय जिवल्या निघायचा नाही. बायका पोचेपर्यंत सावलीच्या जागा गेलेल्या असत, आणि मग दिवसभर उन्हात बसावं लागे. लायसन हातात आल्यावर जमनाने गाडीची मागची सीट काढून टाकली, तिथे बोंबलाच्या आणि जवळ्याच्या टोपल्या रचल्या, शेजारच्या वत्सलाला बाजूला बसवलं आणि गाडी भल्या सकाळी बाजारात नेऊन उभी केली. हळूहळू बाकीच्या बायकाही आपल्या टोपल्या तिच्याकडे देऊ लागल्या. जिवल्याचा टेम्पो रिकामा जाऊ लागला. माझ्या अंगाला बोंबलाचा वास कायमचा लागला. साहेबांच्या घरचा साबणाचा वास मला कधी आठवला नाही, खरं सांगतो.

जमनाचे सासरे, पुंडलिकबाबा, यांना मात्र हे पटलं नव्हतं. ओट्यावर बसून जाळी विणता विणता ते म्हणत, बाईमाणसाने गाडी हाकायची म्हणजे आज ना उद्या कुठे तरी आपटणार.

आणि एके दिवशी मी वाकलो.

भर दुपारची वेळ होती. गाडी बाजाराच्या कडेला उभी होती. जमना पलीकडे टोपलीपुढे बसून गिऱ्हाईक करत होती. जिवल्याने टेम्पो मागे घेतला, वळूनही न बघता, आणि टेम्पोचा निळा कोपरा माझ्या डाव्या गालात घुसला. गाल आत गेला. वीतभर चीर पडली. एक टोक पकडीतून सुटून जमिनीला टेकलं. जिवल्या खाली उतरला, माझ्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि निघून गेला. चहाच्या टपरीवर जाऊन त्याने सांगितलं की जमनाने गाडी रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर आपटली.

मित्रांनो, खरं काय ते मला माहीत होतं. पण बंपरला तोंड कुठे असतं?

जमनाने मला सुंभाने बांधलं आणि गॅरेजवर नेलं. तिथल्या मिस्त्रीने मला पायाच्या अंगठ्याने ढोसलं. "प्लास्टिक है, बाई. ठोकने से नहीं निकलेगा. बेकार हो गया, फेंक दो." नवा बंपर मुंबईहून यायचा आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. ती तशीच घरी निघाली, आणि वाटेतल्या धुळीचिखलाने मी पुरता माखलो.

बातमी तिच्या आधी चिंचणीला पोचली होती. पुंडलिकबाबांनी जाळ्यावरून मान वर न करता सांगून टाकलं की रविवारी पालघरहून दलाल येईल, गाडी विकायची. देवू तेव्हा दर्यात होता. तिच्या बाजूने बोलणारं घरात कोणी नव्हतं.

"बाबा, मी आपटली नाय," जमना म्हणाली. "मी गाडीत पन नव्हती."

"सगला बाजार खोटा, आन तू एकटी खरी?"

जमना ओट्यापाशी उभी राहिली. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

"बंपर वाकलाय, बाबा," ती म्हणाली. "माजे हात नाय वाकले."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. जेवणं उरकल्यावर तिने पदर खोचला आणि गाडीपुढे पोतं अंथरलं. आधी नंबराची पाटी काढली. मग माझ्यातले दोन्ही इंडिकेटर सोडवले आणि डाव्या बाजूच्या वायरींना लाल चिंधी बांधली, परत जोडताना घोटाळा नको म्हणून. चाकांपाशी असलेले स्क्रू निघाले, पण खालचे बोल्ट खाऱ्या हवेने धरले होते. पाना घसरला आणि तिची बोटं सोलवटली. तिने बोल्टांवर रॉकेल सोडलं, तेवढ्या वेळात बोटांना हळद लावली आणि पुन्हा पाना लावला. कुरकुर करत एकेक बोल्ट सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीवेगळा झालो. मला फार उघडं वाटलं.

वत्सला चुलीवरचा उकळत्या पाण्याचा टोप घेऊन आली. प्लास्टिक जन्मताना तापलं होतं, मग आता तापलं की ऐकेल, असं जमनाचं म्हणणं. वत्सलाने माझ्या गालावर पाणी ओतलं आणि जमनाने हाताला ओलं गोणपाट गुंडाळून आतून दाबलं. मी थोडा हललो आणि पुन्हा आत गेलो. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. तिसऱ्या टोपाला वत्सला म्हणाली, जाऊ दे गं, नाय व्हायचं. जमनाने मला उभं केलं, आतून गुडघा टेकवला आणि सगळं अंग झोकून दिलं.

मीही माझ्याकडून जोर लावला, मित्रांनो. मला फेकून द्यायचं मिस्त्रीने ठरवलं होतं, फेकलं जायचं मी ठरवलं नव्हतं. टक् असा आवाज झाला आणि माझा गाल बाहेर आला. वत्सलाने लगेच गार पाणी ओतलं. मी होतो तसा थिजलो.

राहिली चीर. जमनाने सळई चुलीत लाल करून चिरेच्या दोन्ही कडांना भोकं पाडली. मग जाळं शिवायचा नायलॉनचा दोरा घेतला आणि मला शिवायला बसली.

पुंडलिकबाबा इतका वेळ ओट्यावरून बघत होते. ते उठून आले. त्यांना बहुधा काहीतरी टोचून बोलायचं होतं. पण ते खाली वाकले आणि तसेच राहिले. उकळत्या पाण्याने माझ्यावरची धूळ आणि चिखल धुऊन गेला होता, आणि चिरेच्या वर, काळ्या प्लास्टिकवर, निळ्या रंगाचा लांब ओरखडा उघडा पडला होता. म्हाताऱ्याने त्यावरून अंगठा फिरवला. मोरीला निळा रंग नसतो. त्या वाटेवर निळा टेम्पो एकच होता.

मग म्हातारा जमनाशेजारी पोत्यावर बसला.

"ती गाठ सुटंल," ते म्हणाले. "दे इकडं. अशी मार."

उरलेले टाके सासऱ्याने घातले आणि सुनेने दोरा ओढून धरला. शेवटी जमना तो ओरखडा खरवडायला सुरी घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे त्यो."

रविवारी दलाल आला, तेव्हा मी माझ्या जागी बसलो होतो आणि दोन्ही इंडिकेटर लुकलुकत होते. बाबांनी त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

सोमवारी ते स्वतः गाडीत पुढे बसले. वत्सला टोपल्यांमध्ये अवघडून मागे बसली. बाजारात जमनाने गाडी त्याच जागी उभी केली. माझे टाके बघून टपरीवर हशा पिकला, जिवल्या तर सगळ्यांत मोठ्याने हसत होता. पुंडलिकबाबा काठी टेकत त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"जिवल्या, तुजा रंग आमच्या गाडीला लागलाय," ते म्हणाले, आवाज न चढवता. "परत पायजे असंल तर ये, सगल्यांसमोर खरवडून घे."

टपरीवरचे लोक उठले. एकेक जण येऊन मला बघून गेला. जिवल्या आला नाही. तो चहा अर्धा टाकून टेम्पोत बसला, आणि त्या दिवशी मागे घेताना त्याने दोन वेळा वळून बघितलं.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या रस्त्यावर धावलो. वत्सला गाडी शिकली, मग बाजारातली दुसरी सोबतीण हंसाही शिकली. नव्या बंपरची गोष्ट निघाली की जमना म्हणे, याला काय झालंय? अखेर गाडीचाच पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला आणि ती भंगारात गेली. मी मात्र आहे. आता जमनाच्या अंगणात पडून असतो. कोंबड्या माझ्यावर बसतात, ऊन मला पांढुरकं करतंय. कधी कधी रस्त्याची आठवण येते. पण टाके अजून घट्ट आहेत.

मित्रांनो, मी दया मागत नाही. एवढंच सांगतो की एखादी वस्तू वाकली तर तिला फेकण्याआधी थोडी ऊब द्या आणि आतून हात लावून बघा. आणि एखाद्या माणसावर ठपका आला, तर चार लोक काय म्हणतात ते नंतर ऐका. आधी खाली वाका आणि नीट बघा, रंग कोणाचा लागलाय.