साखर ओढणारं कापड

नांदे गावात सकाळपासून महाराजांचा मंडप फुल्ल. हिंजवडीचे कंपनीवालेसुद्धा चपला काढून रांगेत! ताम्रेश्वर महाराज पेटीतलं राखाडी सुती कापड रोग्याच्या पोटावरून फिरवायचे, निळ्या तीर्थात बुडवायचे आणि थोड्याच वेळात कापड तांब्यासारखं चकाकायचं.

“कापडानं रोग वढला! आता गोळी बंद, सुई बंद!” महाराज गर्जायचे. टाळ्या!

माझ्या धाकट्या बहिणीची, धम्मदीपाची, सुई आईनं महाराजांच्या शब्दावर परवाच बंद केली होती. दहाव्या वर्षापासून इन्सुलिनवर असलेली पोरगी मंडपात आडवी पडली होती. उलट्या थांबत नव्हत्या, धाप लागली होती.

“आई, रिक्षा उभी हाय. दवाखान्यात न्यू.”

“आजून एकदा कापड फिरू दे, वृषाली. समदी साखर जाईल.”

पोटावरून फिरवायला आम्ही घरून नेलेला पंचा महाराजांनी “विटाळाचा” म्हणून भिरकावला होता. आम्ही बौद्ध माणसं, आणि आईनं ते मुकाट ऐकून घेतलं! माझ्या मस्तकात तिडीक गेली.

मी तरातरा पुढं गेले, तर तीर्थाचा वास नाकाला झोंबला. फॉर्मेलिन! अहो, पिरंगुटच्या कारखान्यात मी हेच काम करते. सुती कापडाला आधी चांदीचं रसायन लावून वाळवायचं, मग फॉर्मेलिन घातलेल्या तांब्याच्या निळ्या द्रावणात बुडवायचं. कापडावर तांब्याचा पातळ थर चढतो. म्हणून ह्या महाराजाला रसायन न लावलेलं घरचं कापड चालत नव्हतं!

मी पेटीतलं कापड उचललं.

“ए पोरी, भस्म होशील!”

“हुईन की. बघा तरी.”

खांबाजवळच्या दगडाला ते गुंडाळलं आणि तीर्थात सोडलं. धम्मदीपाची धाप तेवढी ऐकू येत होती. एक मिनिट. दोन. तीन. बाहेर काढलं, तर लख्ख तांबं!

“बोला महाराज, दगडालाबी साखर झाली व्हय?”

महाराजांनी घाईघाईनं पेटी मिटली. आईनं माझ्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं आणि लेकीला उचलून ती रिक्षाकडं पळतच सुटली.

“आजून दोन तास गेले असते तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले. धम्मदीपा सहाव्या दिवशी घरी आली.

चमत्काराची पारख निवांत करा, पण औषध बंद करायचं का, ते फक्त डॉक्टरला विचारा. आई आता हेच दारोदार सांगत फिरते, आणि सांगताना दर वेळी रडते.