बायांची बॅच

दोरीवर वाळत घातलेल्या आपल्या लुगड्याखाली दगडाबाईंना काहीतरी निळं लोंबताना दिसलं. त्यांनी लुगडं बाजूला सारलं. अंगाला घट्ट बसणारा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख होता तो. घरात माणसं तीनच: लेक सोमेश्वर, सून उज्ज्वला आणि त्या स्वतः. तेव्हा हा कुणाचा हे विचारायलाच नको होतं.

"हे असं लपवून वाळू घातलंय कावून?"

"पवायचा ड्रेस हाय, आत्या," पीठ मळता मळता उज्ज्वला म्हणाली. "उघड्यावर घातला की शेजारचे बघत्यात. डॉक्टरीन बाईंनी सांगितलंय ना, वजन उतरवा. चाललं की गुडघे ठणकत्यात, पान्यात ठणकत न्हाईत. दुपारची बायांचीच बॅच हाय."

दगडाबाईंच्या मनात किडा शिरला तो शिरलाच. सरळ गोष्ट असती तर झाकली कशाला असती?

अंबाजोगाईत सोमेश्वरचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान होतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूलबाळ नव्हतं. औषधपाण्यानं उज्ज्वलाचं अंग सुटलं, तेव्हापासून तो तिला भोपळा म्हणायचा. लग्नकार्याला एकटाच जायचा. "वजन उतरव, न्हाईतर माहेरी जाऊन बस," असं त्यानंच बजावलं होतं. आता तिचे ब्लाऊज आत घ्यायची वेळ आली, चेहऱ्यावर तकाकी आली, तर त्याच्या कपाळावर आठी आली. ती पोहून आली की तो तिच्या केसांचा वास घ्यायचा, तिचा मोबाईल चाळायचा.

"आई, तू जा तिच्यासंगं," एके दिवशी जेवताना तो म्हणाला. "तिथं कोन येतं, कोन जातं, सारं बघून ये. इतकी सजतीय ती कुनासाठी?"

उज्ज्वलानं खाली घातलेली मान वर केली नाही. ते पाहून दगडाबाईंचा संशय आणखी बळावला.

दुसऱ्या दिवशी त्या सुनेसोबत निघाल्या. वाटेत स्कूटरवरून एक जण गेला, त्याच्याकडे त्यांनी मागं वळून पाहिलं. पोहण्याच्या तलावाच्या फाटकावर म्हातारा रखवालदार आसाराम हसून "या ताई" म्हणाला, ते हसणंही त्यांना खटकलं. आत उंच भिंतीच्या कडेला बाकावर बसून त्या डोळ्यांत तेल घालून पाहू लागल्या. शिकवणारी प्रियदर्शनी नावाची मुलगी होती. पाण्यात एक शाळेतली बाई, एक भाजीवाली, एका पुढाऱ्याची थोराड बायको. सगळ्या धापा टाकत होत्या, एकमेकींना हसत होत्या. पुरुषाचं नावसुद्धा नव्हतं.

उज्ज्वला पाण्यावर उताणी पडली होती. डोळे मिटलेले, हात पसरलेले. दगडाबाई पाहतच राहिल्या. इतक्या वर्षांत सुनेचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. घरात तिला निजेतही कुणाची तरी हाक येईल असं वाटत असायचं.

"समद्या बायाच हायेत, सोमा," संध्याकाळी त्यांनी सांगितलं. "म्या सोता बघितलं."

"तू गेलतीस म्हनून आज कोन आलं नसंल."

त्या रोज जाऊ लागल्या. रोज तेच सांगू लागल्या. आठवड्यानं सोमेश्वर भडकला. "तुलाबी फितवलंय तिनं! दोघी मिळून मला येडं करताव व्हय?"

दगडाबाईंना ते लागलं. ज्या लेकानं आपल्याला पहारा करायला धाडलं, तोच आता आपल्याकडे चोराकडं बघावं तसं बघतोय! रात्री त्याच्या ताटात काय वाढायचं ते त्यांनी वाढलं, पण स्वतःचं ताट तसंच बाजूला सारलं. सुनेविरुद्ध पुरावा मिळाला नाही म्हणून नव्हे, तर कुठल्याच पुराव्यानं या पोराचं समाधान होणार नव्हतं, हे त्यांना उमगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उज्ज्वला पिशवी भरू लागली तशी जेवायला घरी आलेल्या सोमेश्वरनं ती हिसकावली. पोशाख बाहेर काढून त्यानं कात्रीनं उभा कापला.

उज्ज्वला रडली नाही. चिंध्यांकडं बघत ती शांतपणे म्हणाली, "जाड व्हते तवा तुमाला माझी लाज वाटायची. आता बारीक झाले तर भेव वाटतंय. मी नेमकी केवढी आसावी, एकदा सांगून टाका."

आणि तशीच, रिकाम्या हातानं, ती उंबरा ओलांडून गेली. दगडाबाई चपला शोधून तिच्यामागं धावल्या.

तलावावर प्रियदर्शनीनं आपल्याकडचा जादा पोशाख काढून दिला. उज्ज्वला आत गेली आणि तेवढ्यात सोमेश्वर मोटारसायकल आपटत फाटकाशी आला. आसारामनं हात आडवा धरला. "बायांची येळ हाय, साहेब."

"बाजूला हो बे!"

तो पुढं सरसावला, तशा दगडाबाई फाटकात उभ्या राहिल्या.

"सोमा, आत जाऊन बघशील, कोनी न्हाई सापडायचं. मंग उद्या काय म्हनशील? आज लपला व्हता म्हनशील. तुला बघायचंच न्हाई रं, तुला तिला कोंडायचं हाय. म्याबी तुझीच हुजरी झालते, इतके दिस. आता न्हाई."

भिंतीपलीकडून पाणी उसळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायकांचा हशा.

"ऐक," त्या म्हणाल्या. "ह्यातलं तुझ्या बायकूचं हासनं कोनतं, वळख बरं."

सोमेश्वरनं कान दिला. पुन्हा हशा आला. त्याला ते ओळखता आलं नाही.

दगडाबाईंनी फाटक आतून लावून घेतलं.